यंत्रावर भिस्त किती?

कोकण किनाऱ्यावरील मच्छीमार नौकांवर जीपीएस यंत्र आता नवलाचे राहिलेले नाही. आपण कोठे आहो व किती वेगाने जात आहो हे तांडेलास क्षणात कळते, ही सोय मोठीच. परंतु यंत्र काय सांगत नाही, हेही जाणणे अगत्याचे आहे. ८ नॉट वेगाने पाणी कापणारी नौका समोरून येणाऱ्या २ नॉटांच्या प्रवाहात ६ नॉटांनीच पुढे सरकते. यंत्र हा ६चा आकडा दाखविते, प्रवाह दाखवीत नाही.

बर्म्युडाहून बोस्टनकडे जाणारे ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज १० जून १९९५ रोजी नॅन्टकेट बेटाजवळ उथळ वाळूत रुतले. जीपीएसच्या अँटेनाची तार निघाली होती. यंत्र केवळ अंदाजाने स्थान दाखवीत होते, आणि तशी खूणही त्यावर उमटली होती. तरीही सुमारे ३४ तास कोणी दुसऱ्या साधनाने पडताळा घेतला नाही. जहाज १७ मैल भरकटले होते. सुदैवाने कोणास इजा झाली नाही.

जे सुसज्ज जहाजावर घडले, ते लहान नौकेवर घडणार नाही असे कोणी समजू नये. नौकेवर जीपीएस अवश्य असावे. परंतु होकायंत्र, नकाशा व खोली मोजण्याचे साधन यांना रजा देऊ नये. तांडेलांच्या शिक्षणात या पडताळ्याचा धडा सक्तीचा असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.