हिरवी खूण आणि रोजमेळ

परवा पुण्याहून एका ओळखीच्या काकूंचा फोन आला. मुलाला नोकरी लागल्याची बातमी द्यायला, पण सूर असा की पोरगं नापास झालंय! "अरे, त्याला टेस्टिंगमध्ये टाकलंय. रिपोर्ट तपासायचं काम. पुढे डेव्हलपमेंटला घेतील ना रे?" "घेतील हो काकू," म्हणून फोन ठेवला आणि दिवसभर स्वतःवरच चिडत राहिलो.

का ते सांगतो. मी असतो टॅम्पिनीसला. सिंगापूरच्या पूर्वेला, चांगी विमानतळाच्या अलीकडे. इथल्या एमआरटी स्टेशनच्या आसपास बँका नि विमा कंपन्यांच्या बऱ्याच कचेऱ्या आहेत. मी अशाच एका वित्तसंस्थेच्या (नाव विचारू नका) बिझनेस इंटेलिजन्सच्या कामावर होतो. नाव भारदस्त, काम साधं: देशोदेशींच्या शाखांची माहिती रात्री एका कोठारात ओतायची आणि सकाळी साहेबाला तक्ते नि आलेख दाखवायचे.

आमच्याकडे टेस्ट केसेस होत्या दोनशेच्या वर. रिपोर्ट उघडतो का? फिल्टर चालतो का? एक्सेलमध्ये उतरतो का? रिपोर्टमधली बेरीज कोठारातल्या बेरजेशी जुळते का? सगळीकडे हिरवी खूण. मग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भारतातल्या एका शाखेचा माणूस अडकला. मार्चचं कर्जवाटपाचं उद्दिष्ट हुकलं म्हणून त्याला मेमो गेला. तो बिचारा ओरडून सांगत होता, "साहेब, उद्दिष्ट पुरं झालंय, आमच्या रोजमेळात बघा!" पण ऐकतो कोण? रिपोर्ट रंगीत होता, रोजमेळ नव्हता.

शेवटी निघालं काय, तर आमचा सर्व्हर दिवस मोडायचा सिंगापूरच्या मध्यरात्री. तेव्हा भारतात वाजलेले असतात रात्रीचे साडेनऊ. आता ३१ मार्चला आपल्याकडच्या अशा कचेऱ्यांमध्ये रात्री किती वाजेपर्यंत दिवे असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. साडेनऊनंतरची प्रत्येक नोंद आमच्याकडे १ एप्रिलची झाली. नुसता दिवस नाही, आर्थिक वर्षच बदललं! आणि आमची टेस्ट? ती रिपोर्ट ताडायची कोठाराशी. चुकलेली तारीख दोन्हीकडे एकच, म्हणजे जुळलं. कॉपी केलेलं उत्तर ज्याच्यावरून कॉपी केलं त्याच्याशीच ताडून बघण्यातली गंमत!

माझं भांडण इथे आहे. ज्याला आपण या धंद्यात क्वालिटी म्हणतो ती बहुतेक ठिकाणी यंत्राची तपासणी असते, आकड्याची नव्हे. आकडा तपासायचा तर कोठाराच्या बाहेरचा पुरावा लागतो: मूळ खातं, शाखेचा रोजमेळ, ज्यानं नोंद केली तो माणूस. आपल्या पतपेढीतला रोखपाल संध्याकाळी पेटीतली रोकड मोजून वहीशी मेळ घालतो. तो वहीची वहीशी तुलना करून घरी जात नाही.

"एवढं सगळं ताडायला वेळ कुठाय?" हे मॅनेजर मंडळींचं ठरलेलं वाक्य. सगळं कोण म्हणतंय? नोंदींची संख्या, एकूण रक्कम आणि महिन्याच्या दोन्ही टोकांचे दिवस एवढं मूळ खात्याशी रोज ताडा. आमची चूक पहिल्याच महिन्यात सापडली असती. बॅसल समितीनं जानेवारी २०१३ मध्ये मोठ्या बँकांसाठी जी १४ तत्त्वं काढली, त्यांतही जोखमीचे आकडे मूळ स्रोतांशी आणि हिशेबाच्या खात्यांशी ताडा, हेच आहे.

न ताडल्यानं काय होतं ते इंग्लंडनं २०२० मध्ये पाहिलं. कोरोनाच्या नोंदी जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये भरत होते, ती ६५,५३६ ओळींना संपते. उरलेलं गुपचूप गळालं. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबरमधले १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यात आलेच नाहीत आणि त्यांच्या संपर्कातली माणसं शोधायला उशीर झाला. फाइल मात्र व्यवस्थित उघडत होती!

आणि आपल्याकडे? १६ जून २०२० ला महाराष्ट्रानं आधीचे १,३२८ मृत्यू एका दिवसात यादीत घातले, त्यातले ८६२ एकट्या मुंबईतले. केवढा गहजब झाला! उशीर झाला हे खरंच, जाब विचारायलाच हवा. पण नोंदी पुन्हा ताडल्या, आकडा वाढला, तो चारचौघांत सांगितला, ही कृती मला आमच्या दोनशे हिरव्या खुणांपेक्षा जास्त क्वालिटीची वाटते.

आता तर टेस्ट केसेस एआय लिहून देतो. दोनशेच्या दोन हजार होतील, त्याही हिरव्या. पण ३१ मार्चच्या रात्री शाखेत काय चालतं हे त्याला कुणीतरी विचारायला सांगावं लागेल ना? ते विचारण्याच्या जागेवर आपण कुणाला बसवतो, तर नवीन पोराला, ज्याची आईसुद्धा त्याला तिथून सोडवायच्या मागे आहे. आणि त्यानं चुकून विचारलंच, तर "रिक्वायरमेंटमध्ये नाही" म्हणून त्याचं तोंड बंद.

आमच्या त्या चुकीचंही तसंच झालं. 'ठरल्याप्रमाणेच चालते' असा शेरा मारून ती बंद केली आणि रिपोर्टखाली बारीक अक्षरांत एक ओळ आली: सर्व वेळा सिंगापूरच्या. असो. काकूंना उद्या पुन्हा फोन करणार आहे, पोराशीच बोलायचंय.

त्या शाखेतल्या माणसाचा मेमो मागे घेतल्याचं मात्र माझ्या कानावर आलेलं नाही.