फुगा की स्प्रिंग?

वैद्यकीय खर्चाची बिले तपासणे हे कचेरीतले आमचे रोजचे काम. गेल्या महिन्यात आमच्याच शिपाईदादांचे बिल आले. अँजिओग्राफी होताच वहिनींपुढे कागद आला होता : ‘ब्लॉकेज आहे, स्प्रिंग टाकायची, सही करा.’ कोणती, हे त्यांनी विचारले नाही. कुणी सांगितलेही नाही. पैसे मात्र त्याच रात्री व्याजाने काढले.

मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी हृदयाच्या रक्तवाहिनीत न्यायची आणि टोकाचा फुगा फुगवून अरुंद जागा रुंद करायची, हे डॉ. आंद्रेआस ग्रुन्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये जाग्या रुग्णावर प्रथम करून दाखवले. पण अनेकांची वाहिनी काही महिन्यांत पुन्हा आवळे. म्हणून १९८६ पासून धातूची जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, आत ठेवू लागले. आपले लोक तिलाच स्प्रिंग म्हणतात. तिच्यातही पेशी वाढून वाट बुजे. २००२-०३ पासून औषध लावलेले स्टेंट मिळू लागले. झिरपणारे औषध ती वाढ रोखते. जुना स्टेंट तुंबला तर पुष्कळदा औषध लावलेला फुगा पुरतो, आत आणखी धातू राहत नाही.

नवे तेच उत्तम, असेही नाही. विरघळणाऱ्या ‘अ‍ॅब्सॉर्ब’ स्टेंटचा मोठा गाजावाजा झाला. पण त्यात रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण जास्त दिसले आणि २०१७ साली त्याची विक्री थांबली.

झटका आलेला असेल तर वेळ दवडू नये, तिथे स्टेंट जीव वाचवतो. पण फक्त चालताना छातीत दुखते, विश्रांतीने थांबते, अशा रुग्णांच्या २००७ च्या ‘करेज’ अभ्यासात चांगल्या औषधोपचाराला स्टेंटची जोड दिल्याने मृत्यू वा झटके कमी झाले नाहीत. दुखणे कमी होते, ते खरे. म्हणजे अशा वेळी विचारायला सवड असते.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी ती सरासरी लाखावर होती. पुढे आकडा बदलला, मर्यादा कायम आहे. बिलात कंपनी, बॅच नंबर आणि किंमत वेगळी लिहावी लागते. शिपाईदादांच्या बिलात एकच ओळ होती : ‘पॅकेज’. आम्ही ते परत पाठवले.

परवा दादा भेटले. ‘साहेब, पित्त खवळतं म्हणून रक्त पातळ व्हायची गोळी सोडली.’ स्टेंट नवा असताना ती गोळी आपल्या मनाने सोडली, तर आत गुठळी होऊ शकते. आम्ही त्यांना तसेच रिक्षात बसवून डॉक्टरांकडे नेले.