वणव्याचा फोटो

आमच्या घरी कॅमेरा आला तो चिरंजीवांना परीक्षेतल्या यशाचे बक्षीस म्हणून. वापरतो मात्र मी. मराठीच्या प्राध्यापकाने या वयात पाखरांच्या मागे हिंडावे, याविषयी सौ.चे मत दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही! रविवारी पहाटे पनवेलला एस.टी. धरायची आणि गोव्याच्या रस्त्यावर कर्नाळ्याला उतरायचे, हा माझा परिपाठ. १९६८ साली हे अभयारण्य झाले तेव्हा जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचे होते. २००३ मध्ये वाढून ते बारांच्या थोडे वर गेले. वर किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका, आणि जवळच शिरढोण, वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मगाव.

गेल्या मार्चमधली गोष्ट. परतीच्या वाटेवर अभयारण्याबाहेरच्या एका उतारावर धूर दिसला. वणवा! माझ्या डोळ्यांपुढे लगेच तो जगप्रसिद्ध फोटो उभा राहिला: ६ ऑगस्ट २००० रोजी अमेरिकेत माँटाना राज्यात जॉन मकॉल्गन यांनी काढलेला. नदीच्या पाण्यात आपल्या सांबरांच्या जातकुळीतले दोन एल्क उभे आहेत आणि मागे सारे अरण्य लालभडक पेटले आहे. वाटले, आज आपलाही योग आहे.

पण आमचा वणवा कसा? गुडघ्याएवढा! तिकडची सूचिपर्णी झाडे शेंड्यापर्यंत पेटतात. आपल्याकडे साग, ऐन पाने गाळतात आणि पेटतो तो खालचा पाचोळा आणि वाळके गवत. त्यात उन्हात ज्वाळा फोटोत उमटेनात, नुसता धूर. तेव्हा मी सूर्य मावळण्याची वाट पाहत बसलो. हे वाक्य लिहिताना आज मला लाज वाटते, पण बसलो हे खरे. कोतवाल पक्षी आगीच्या तोंडाशी येऊन उडणारे किडे टिपत होते. आम्ही एकाच धंद्यातले!

अंधारले तशी डोंगरावर सोनसाखळी टाकावी तशी आगीची रेघ दिसू लागली. अंधार पाहून कॅमेरा फसतो आणि ज्वाळा पांढऱ्याफटक करून टाकतो. म्हणून मुद्दाम उजेड कमी घेतला. ज्वाळा अंगावर येताना दिसाव्यात म्हणून आगीला वळसा घालून वरच्या अंगाला जाऊन उभा राहिलो.

"सर! वर काय करताय? खाली या आधी!"

ओळखीचे वनरक्षक होते, बरोबर जवळच्या वाडीतले दोन कातकरी. चढावर आग वरच्या गवताला आधीच तापवते आणि माणसाच्या पायांपेक्षा वेगाने धावते, हे मला त्यांनी नंतर समजावले. त्या वेळी नुसता दंड धरून खाली ओढले आणि हातात ओला टहाळा दिला. "फोटो मागनं काढा. जळलेल्या बाजूला उभे राहा. आपटायचं नाही, दाबायचं. आपटलं की ठिणगी पलीकडं जाते."

तासभर दाबले. हातांना फोड आले, चष्मा काळा झाला. दम खाताना त्यांनी सांगितले की, आता उपग्रहावरून वनखात्याला मोबाइलवर आगीची सूचना मिळते. उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे ३७५ मीटरांचा चौकोन. त्यात नेमके कुठे, ते पायांनीच शोधायचे. आज मात्र धूर त्यांनीच आधी पाहिला होता. आणि लावतो कोण? कोणी गवत चांगले फुटावे म्हणून लावतो, कोणाच्या शेतातला राब हाताबाहेर जातो, आणि आम्हां शहरवासीयांची सहलीतली चूल असतेच. अभयारण्यात आग लावायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. पण वणव्याला कुंपण कळत नाही.

उतरताना त्यांनी बॅटरीचा झोत खाली टाकला. रातव्याची दोन अंडी. हा पक्षी घरटे बांधीत नाही, पाचोळ्यातच अंडी घालतो. पाचोळा नव्हता, अंडी होती, तडकलेली. तासभर आधी टहाळा हाती घेतला असता तर आग येथपर्यंत पोचली असती का, हे मी त्यांना विचारले नाही. फोटो मात्र काढला.

ज्वाळांचा फोटो आता आमच्या दिवाणखान्यात टांगलेला आहे. पाहुणे विचारतात, "केवढा मोठा हो वणवा?" मी गुडघ्याशी हात नेऊन दाखवतो, त्यांना तो विनय वाटतो. दुसऱ्या फोटोत अंडी राखेच्याच रंगाची झाल्यामुळे बोट ठेवून दाखवावी लागतात. तो कोणी मोठा करून मागितला नाही.

जानेवारीत तेथे जाळरेषा काढायचे काम निघते. आग पलीकडे जाऊ नये म्हणून गवत कापून, आधीच जाळून पट्टा मोकळा करतात. या खेपेला मीही येतो म्हणून कळवले आहे. सौ.ने जुना सदरा आणि फोडांचे मलम आतापासूनच पिशवीत भरून ठेवले आहे. कॅमेरा नेणार का, असे तिने विचारले. मी अजून उत्तर दिलेले नाही.