खेळात आईचाही डाव हवा



उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विचारणा सुरू होते. यंदा मुलांना कोणत्या क्लासला घालायचं? अबॅकस, चित्रकला, स्केटिंग, बुद्धिबळ, कीबोर्ड. फी किती, न्यायला गाडी येते का, शेवटी सर्टिफिकेट देतात का. मुलाला छंद लागावा म्हणून आपण पैसे भरतो, उन्हातान्हात सोडायला जातो, पुन्हा आणायला जातो. पण त्या छंदात आपण स्वतः कुठेच नसतो. क्लासच्या बाहेर स्कूटरवर बसून फोन बघत असतो.

क्लासला माझा विरोध नाही. पण माझं स्पष्ट मत आहे की प्रत्येक घरात एक तरी खेळ असा असावा, जो आईवडील आणि मुलं बरोबरीने खेळतात. त्यात शिकवणं नको, परीक्षा नको, सर्टिफिकेट तर नकोच. आणि त्यात आईचा डाव ठरलेला असावा.

यासाठी मी एक जुना खेळ उदाहरणाला घेते. माझ्या वयाच्या पुष्कळ जणींनी तो माहेरी पाहिला असेल: बॅगाटेल. काही घरांत त्याला नुसतंच खिळ्यांचा बोर्ड म्हणायचे. वरून गोल केलेली लाकडी फळी, तिच्यावर खिळ्यांची छोटी छोटी कुंपणं, प्रत्येक कुंपणात आकडा लिहिलेला. उजवीकडच्या पट्टीत गोळी ठेवायची, स्प्रिंगचा दांडा ओढून सोडायचा, की गोळी वर जाऊन खिळ्यांना टक्कर देत टणटण करत खाली येणार. पन्नासच्या घरात जाते की शून्यात, हे बघत सगळं घर श्वास रोखून बसायचं.

हा खेळ मूळचा फ्रान्सकडचा, अठराव्या शतकातला. १७७७ साली फ्रान्सच्या राजाच्या भावाने पॅरिसजवळ बॅगाटेल नावाचा छोटा महाल बांधला, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. १८७१ मध्ये अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह या माणसाने स्प्रिंगच्या दांड्याच्या सुधारणेचं पेटंट घेतलं. पुढे त्यातूनच काचेखाली दिवे लागणारं, नाणं टाकून खेळायचं पिनबॉलचं मोठं यंत्र तयार झालं. म्हणजे आपल्या माळ्यावर धूळ खात पडलेला बोर्ड आणि परदेशातलं ते चकचकीत यंत्र ही एकाच कुळातली भावंडं आहेत.

आता कोणी म्हणेल, नाणं टाकून खेळायचं म्हणजे जुगारच की. सप्त व्यसनांत जुगाराचं नाव पहिलं घेतात, हे लहानपणापासून पाठशाळेत शिकलेल्या आपण. ही शंका रास्त आहे, आणि ती तिकडच्या लोकांनाही आली होती. न्यूयॉर्कमध्ये १९४२ साली महापौर ला गार्डिया यांनी पिनबॉलवर बंदी घातली, यंत्रं जप्त करून हातोड्याने फोडली. त्या काळच्या यंत्रात गोळी एकदा सोडली की खेळणाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नसे. बाकी नशीब, आणि नशिबावर पैसा. मग १९४७ मध्ये शिकागोच्या गॉटलिब कंपनीने यंत्राला फ्लिपर बसवले. फ्लिपर म्हणजे बटण दाबलं की हलणारे छोटे हात. खाली येणारी गोळी त्यांनी परत वर मारता येते. तिथून हा खेळ हाताच्या आणि नजरेच्या कसबाचा झाला. तरी न्यूयॉर्कची बंदी १९७६ पर्यंत राहिली. ती उठली तेव्हा रॉजर शार्प नावाच्या एका तरुण पत्रकाराने नगर परिषदेच्या समितीपुढे खेळून दाखवलं. गोळी कुठून जाणार हे आधी सांगितलं आणि ती तिथूनच गेली!

या शार्प यांची पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्यांचे दोन्ही मुलगे, जॉश आणि झॅक, याच खेळात वाढले, उत्तम खेळाडू झाले. २००६ मध्ये बापलेकांनी मिळून पिनबॉलची आंतरराष्ट्रीय संघटना पुन्हा उभी केली आणि खेळाडूंची जागतिक क्रमवारी सुरू केली. २०१७ मध्ये त्याच संघटनेची जागतिक स्पर्धा एशर लेफकॉफ या तेरा वर्षांच्या मुलाने जिंकली. त्याचे वडीलही पट्टीचे खेळाडू. कॅनडातल्या रॉबर्ट गाग्नो या तरुणाला लहानपणीच ऑटिझमचं निदान झालं होतं. पिनबॉलची गोडी लागली तशी आईवडिलांनी ती जपली, वडील त्याच्यासोबत गावोगावच्या स्पर्धांना गेले, आणि २०१६ मध्ये तो जागतिक दर्जाची स्पर्धा जिंकला. त्याच्यावर ‘विझार्ड मोड’ नावाचा माहितीपट आहे. लोकांत मिसळायला अवघड जाणाऱ्या मुलाला लोकांपर्यंत नेणारी वाट या खेळातून सापडली आणि त्या वाटेवर वडील सोबत होते, हे मला त्या विजयाहून मोठं वाटतं.

ही सगळी नावं बापलेकांची आहेत, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. त्याकडे मी नंतर येते.

आधी असा खेळ घरासाठी चांगला का, ते सांगते. पहिली गोष्ट म्हणजे त्यात कसब आणि नशीब यांची मिसळ आहे. बुद्धिबळात सात वर्षांचं मूल बापाला हरवू शकत नाही. बाप मुद्दाम हरला तर मुलाला ते लगेच कळतं आणि त्याची मजा जाते. बॅगाटेलमध्ये किंवा कॅरममध्ये नातू आजीला खरोखर हरवतो. रोज नाही, पण हरवतो. घरातल्या मोठ्या माणसावर खरा विजय मिळणं ही मुलासाठी फार मोठी गोष्ट असते. आणि मोठ्या माणसाला हसत हरताना बघणं हेही मोठं शिक्षण आहे. हरल्यावर चिडू नये असं आपण मुलांना शंभरदा सांगतो. आपल्याला हरताना ती कधी बघतात का?

दुसरी गोष्ट, या खेळात सगळ्यांचे डोळे गोळीकडे असतात, एकमेकांकडे नाही. वयात आलेल्या मुलाला समोर बसवून ‘काय चाललंय तुझं? बोल’ म्हटलं की तो भिंत होतो. शेजारी उभं राहून दोघं तिसरीकडे बघत असले की तोच मुलगा आपसूक बोलतो. आमच्याकडे २००३ मध्ये दुकानाच्या हिशेबासाठी कॉम्प्युटर आला. टॅलीसोबत त्यात विंडोज एक्सपीचा तो स्पेस कॅडेट नावाचा पिनबॉल होता. तुमच्यापैकी अनेकींच्या घरी तो होता, आठवतोय ना? स्पेस बार दाबून गोळी सोडायची, झेड की दाबली की डावा फ्लिपर आणि तिरप्या रेघेची की दाबली की उजवा. आमच्याकडे दुकान बंद करून आले की हे आणि मुलगा एकाच कीबोर्डवर बसत. डावा फ्लिपर मुलाचा, उजवा वडिलांचा. गोळी मधून निसटली की चूक कोणाची यावर दहा मिनिटं वाद. स्कोअर लिहायचं काम माझं. रोजमेळाच्या वहीच्या शेवटच्या पानांवर तारीख, नाव, आकडा आणि खाली माझी बेरीज.

मुलगा तेव्हा बारावीला होता. घरात सगळ्यांनी धरलं होतं की इंजिनीअरिंगच. एका रात्री खेळता खेळता, स्क्रीनवरची नजर न हलवता तो म्हणाला, ‘पप्पा, मला इंजिनीअरिंग नाही करायचं.’ यांनी उजवा फ्लिपर मारला आणि विचारलं, ‘मग काय करायचंय?’ बस, एवढंच. गोळी वर होती तोवर पुढची दोन वाक्यं झाली, खाली आली तेव्हा थोडी शांतता. अर्ध्या तासात सगळं बोलून झालं. हेच बोलणं जेवणाच्या ताटावर, आजोबा आणि काकांच्या समोर निघालं असतं तर कसं झालं असतं, याची कल्पना एकत्र कुटुंबात राहिलेल्या प्रत्येकीला आहे. मुलगा आज अकाउंट्समध्ये आहे आणि सुखात आहे. इंजिनीअर झाला असता तर दुःखी झाला असता असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की त्याला बोलायला जागा मिळाली.

आता आईकडे वळते. वर दिलेली सगळी उदाहरणं बापलेकांची, आणि माझ्या घरचंसुद्धा. छंद म्हटला की बाप खेळतो, मूल खेळतं आणि आई खाकरा-चिवड्याची बशी आणून ठेवते. ‘मला कुठे वेळ आहे’ हे आपलं पाठ झालेलं वाक्य. मैत्रिणींनो, हिशेब करून बघू या. आपल्या ज्या घरांत चौविहार पाळला जातो तिथे सूर्यास्ताच्या आत जेवणं आटोपतात, स्वयंपाकघर बंद होतं. प्रतिक्रमण, सामायिक झालं तरी झोपेपर्यंत तास-दीड तास उरतो. इतर बायका रात्री दहापर्यंत पोळ्या लाटत असतात. आपल्याकडे हा वेळ आहे. तो जातो मालिकेत, फोनवर, नाहीतर उद्याच्या भाजीच्या निवडण्यात. भाजी निवडायला मुलांना बसवा, पंधरा मिनिटांत होते, आणि मग सगळे बोर्डाभोवती.

हे मी मौजेखातर सांगत नाही. आपली मुलं शिकायला पुण्याला जातात, मग बंगळुरूला, मग परदेशी. मुली सासरी जातात. रोज फोन येतो, पण त्यात काय असतं? जेवलास का, तब्येत बरी ना, देरासरला गेला होतास का. तीन प्रश्न आणि फोन बंद. ज्या आईने मुलांसोबत काही तरी मिळून केलेलं असतं, तिच्याकडे चौथा विषय असतो. आमच्या नातवाचा पुण्याहून फोन येतो तो मला बोर्डाच्या स्कोअरबद्दल चिडवायला, आणि मग ओघात शाळेत कोणाशी भांडण झालं तेही कळतं. सूनबाईसुद्धा आमच्या या स्पर्धेत आहे आणि नियमांच्या बाबतीत ती सगळ्यांत कडक आहे. सासू-सुनेने एकमेकींना हरवण्यासाठी मोकळेपणाने भांडावं अशी दुसरी जागा मला तरी माहीत नाही!

काही जणी म्हणतील, मोबाईलवर हा खेळ फुकट मिळतो. मिळतो. पण मोबाईल एकाच्या हातात मावतो आणि मान खाली घालून खेळला जातो. बाकीचे बघणार काय? मॉलमधल्या गेमझोनमध्ये कार्ड घासून अर्ध्या तासात पाचशे रुपये जातात आणि आईबाप खुर्चीवर बसून असतात. खरं पिनबॉलचं यंत्र घ्यायचं म्हटलं तर नव्याची किंमत अमेरिकेतच काही हजार डॉलर. ते आपल्याला परवडणारं नाही आणि त्याची गरजही नाही.

बोर्ड घरी करता येतो, आणि करण्यातच निम्मा खेळ आहे. साधारण दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद प्लायचा तुकडा सुताराकडून आणा. चारही बाजूंना पट्ट्या मारा. मुलांकडून पेन्सिलीने नक्षी काढून घ्या आणि त्यावर पाऊण इंची खिळे अर्धे ठोका. कुंपणाच्या तोंडाशी गोटी आत जाईल एवढं अंतर ठेवा. खिळ्यांना रबरबँड ताणून लावले की गोटी मस्त उडते. मागच्या बाजूखाली पुस्तकं ठेवून फळी तिरपी करा. मोठ्या यंत्रांचा उतार साधारण साडेसहा अंशांचा असतो, म्हणजे दोन फुटांच्या फळीला पावणेतीन इंच. उतार वाढवला की खेळ अवघड होतो, तेव्हा लहान मुलांसाठी एक पुस्तक कमी करा. हातोडी मुलींच्याही हातात द्या. आणि एकच नियम आधी पक्का करा: पैज पैशाची नाही. हरणाऱ्याने पाण्याचे तांबे भरायचे किंवा अंथरुणं घालायची, एवढं पुरे.

शेवटी या यंत्राची एक गंमत सांगते, कारण ती आयांच्या फार कामाची आहे. पिनबॉल खेळताना यंत्राला हलकासा धक्का द्यायला परवानगी असते. चांगले खेळाडू तसा धक्का देऊन गोळीची दिशा जराशी बदलतात. पण यंत्राच्या पोटात गवंड्याच्या ओळंब्यासारखा एक लंबक टांगलेला असतो. धक्का जास्त झाला की तो भोवतीच्या कडीला टेकतो, यंत्र ‘टिल्ट’ म्हणतं, फ्लिपर बंद पडतात आणि गोळी सरळ खाली जाते. मग कितीही बटणं दाबा, काही उपयोग नाही.

दहावी-बारावीच्या मुलांच्या आयांनी हे ध्यानात ठेवावं असं मला वाटतं. धक्का किती द्यायचा याचा अंदाज रोज मुलासोबत थोडा वेळ घालवणाऱ्या आईलाच येतो. तो क्लासच्या सरांना विचारून कळत नाही.

तेव्हा या सुट्टीत क्लासची फी भरायची तर भरा. पण त्यासोबत प्लायचा एक तुकडा आणि पाव किलो खिळेही आणा. बोर्ड तयार झाला की पहिली गोटी तुम्ही सोडा आणि तुमचा स्कोअर मला नक्की कळवा.