स्वयंपाकघरालाही हवा मेगाब्लॉक!

रविवार उजाडला की उपनगरातला माणूस आधी मेगाब्लॉक कुठे आहे ते पाहतो. माटुंगा-मुलुंड की बोरिवली-गोरेगाव? चार-पाच तास वेळापत्रक कोलमडते, आपण कुरकुरतो. पण रूळ आणि ओव्हरहेड वायर यांनाही देखभाल लागते, हे आपल्याला पटलेले असते. मग आठवडाभर पहाटेपासून धावणाऱ्या घरच्या स्वयंपाकघराचे काय? त्याचा मेगाब्लॉक कोणत्या रविवारी?

उलट, त्या दिवशी तिथे जादा गाड्या सोडल्या जातात! सकाळी पोहे, दुपारी सागुती-वडे, संध्याकाळी पाहुणे आणि मधल्या वेळात सोमवारच्या डब्याची तयारी. ‘आज सगळे घरी आहेत ना’ हे वाक्य बाकीच्यांना सुट्टीचे वाटते. गृहिणीच्या कानाला ते ओव्हरटाइमचे असते.

खरे तर रविवारची ही सुट्टी मुंबईला फुकट मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुट्टी मागितली आणि १८९० मध्ये गिरणीमालकांनी ती मान्य केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भरलेल्या सुमारे दहा हजार कामगारांच्या सभेत दोन स्त्री-कामगारही बोलायला उभ्या राहिल्या होत्या. म्हणजे रविवार मागणाऱ्यांत बायका होत्या. रविवार भोगणाऱ्यांत त्या किती आहेत, हे ज्याने त्याने आपल्या घरात डोकावून पाहावे. २०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जात होती, पुरुषांची ९७. आणि अशा कामाला हात लावणारे पुरुष होते शंभरात जेमतेम २६!

यावर एक छोटा उपाय सुचवावासा वाटतो. रविवारी न्याहारी आणि जेवण वेगवेगळे न करता साडेदहा-अकराला एकच भरपेट खाणे करावे. याला ‘ब्रंच’ म्हणतात. हॉटेलवाल्यांनी तो शब्द महाग करून ठेवला असला, तरी घरी त्याला एक पसरट, जाड बुडाची कढई पुरते. आणि ती कढई घरातल्या पुरुषांनी व मुलांनी चढवावी.

चौघांसाठी तीन कांदे, चार टोमॅटो, एक सिमला मिरची, वाटीभर मटार आणि एक उकडलेला बटाटा घ्या. तेलात कांदा गुलाबी झाला की आले-लसूण-मिरचीचा ठेचा परता. मग हळद, लाल तिखट, मीठ आणि भाज्या घाला. टोमॅटोचे पाणी आटून भाजी दाट झाली पाहिजे, नाहीतर अंडी पसरतात. डावाने सहा खळगे करून प्रत्येकात एक अंडे फोडा, आच मंद करा आणि झाकण ठेवा. घाई नको, मोठ्या आचेवर खालची भाजी करपते आणि वरचे अंडे कच्चेच राहते. पांढरे आणि बलक दोन्ही घट्ट झाले की कोथिंबीर भुरभुरवा. सोबत लादीपाव. घरात अंडे चालत नसेल, तर खळग्यांत पनीर घाला; मसाला तोच.

हा पदार्थ आपल्याला परका नाही. मुंबईच्या पारशी घरांत भेंडी, बटाटा, टोमॅटो अशा कुठल्याही भाजीवर अंडी फोडून ‘पर ईडू’ करतात. ट्युनिशियापासून इस्रायलपर्यंत याचाच भाऊबंद ‘शकशुका’ म्हणून खातात. आणि अंधेरी-घाटकोपरच्या रस्त्यांवर भुर्जीच्या गाड्या लागतात, तिथे हाच कांदा-टोमॅटो तव्यावर खणखणत असतो. तो परतणारे हात कुणाचे असतात? बहुतेक पुरुषांचेच! तेव्हा ‘आम्हाला जमत नाही’ ही सबब त्या गाडीपाशीच निकालात निघते.

‘हे लोक पसारा घालतात, त्यापेक्षा मीच करते,’ असे अनेक जणी म्हणतील. त्यांचा अनुभव खोटा नाही. ‘आज मी केलं हं!’ म्हणून मिरवणाऱ्या साहेबांचा कांदा आधी कुणीतरी चिरून दिलेला असतो आणि कढई नंतर कुणीतरी घासणार असते. म्हणूनच या ब्रंचला एक अट हवी. शनिवारी संध्याकाळी बाजारातून टोमॅटो आणण्यापासून रविवारी ओटा पुसेपर्यंतचे सगळे काम करणाऱ्यानेच करायचे. पहिले दोन रविवार मीठ कमी-जास्त होईल, एखादे अंडे फुटेल. गृहिणीने तेवढे सोसावे. पण उठून डाव हातात घेऊ नये. भाजी बिघडली तर दुपारपर्यंत विसरली जाते. हातातून सोडलेला डाव मात्र एकदा परत घेतला, की पुढची कित्येक वर्षे सुटत नाही.