पहिल्या ट्रायथलॉनवाल्याला पॉवर मीटर विकू नका

सायकलचं दुकान टाकताय? मग गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ची तयारी करणारं गिऱ्हाईक कधीतरी येणारच. १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, वर २१.१ किमी धावणं. "पॉवर मीटर घेऊ का?" माझं मत, पहिल्या वेळेला नको. स्पीडही बघू नका म्हणावं; समोरून वारा आला की आकडा पडतो आणि माणूस उगाच जोर लावतो. हार्टरेट चढावर उशिरा वाढतो. श्वास बघायला सांगा: एक छोटं वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. सुरुवातीचे २० किमी तर हळूच वाटायला हवेत. पाय सायकलवरच संपले तर धावणार कशावर? मार्जिन जाईल, जाऊ दे. टायर-ट्यूब, सर्व्हिसिंग तर आहेच ना! दुसऱ्या-तिसऱ्या शर्यतीला वेळ कमी करायचा म्हणून तो स्वतः मीटर मागेल, तेव्हा बिनधास्त विका.