चौकोनी भोक

इलेक्ट्रॉनिक्सच्या हौशी मंडळींची एक गंमत आहे. सर्किटला तीन-तीन महिने जपतात, आणि डबा मात्र एका रविवारी दुपारी उरकून टाकतात. मग पत्र्यात वेडंवाकडं भोक, त्यात एम-सील लिंपून बसवलेला मीटर. "चालतंय ना, झालं तर!" मला हे अजिबात पटत नाही.

नेहमीचा डिजिटल पॅनेल मीटर घ्या. समोरून ९६ × ४८ मिलिमीटर, पण भोक पाडायचं ९२ × ४५ चं. म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला दोन-दोन आणि वर-खाली दीड-दीड मिलिमीटर मीटरची चौकटच झाकून घेते. एवढी सवलत दिलेली असतानाही लोक नापास होतात, कारण त्यांना चौकोन एका दमात कापायचा असतो. तो तसा येत नाही. पत्र्यावर मास्किंग टेप चिकटवून गुण्याने रेषा आखायच्या, रेषेच्या आतल्या अंगाने सेंटर पंच मारून लहान भोकांची ओळ पाडायची, मधला तुकडा काढायचा, आणि पत्रा शेगड्यात धरून कानशीने रेषेपर्यंत यायचं. कमी घासलेलं पुन्हा घासता येतं, जास्त गेलेलं परत येत नाही. (अ‍ॅल्युमिनियम कानशीच्या दातांत भरतं, म्हणून आधी कानशीला खडू चोळावा.) गोल भोकाचंही तेच. साधा ड्रिल पातळ पत्र्यातून आरपार जाताना पत्रा ओढतो आणि भोक तिकोनी होतं. मागे लाकडी ठोकळा हवा आणि जमलं तर स्टेप ड्रिल.

"दिसण्याचं काय एवढं?" असं म्हणणाऱ्यांना सांगतो, प्रश्न दिसण्याचा नाहीच. त्या डब्यात २३० व्होल्ट येतात. भोकाच्या धारदार कडेवर वायर टेकली, आत ट्रान्सफॉर्मर थरथरतोय, की हळूहळू वायरचं कातडं सोललं जातं आणि एके दिवशी अख्खा डबा जिवंत होतो. म्हणून कड गुळगुळीत हवी, वायरीला रबरी ग्रोमेट हवं, आणि अर्थिंगच्या स्क्रूखालचा रंग खरवडून काढलेला हवा. घासायच्या आधी बोर्ड बाहेर काढावा हे तर सांगायलाच नको. एक कीस दोन पायांत अडकला तरी पुरतो.

खरं दुखणं वेगळंच आहे. "हे फिटरचं काम" असं आपण मनात धरलेलं असतं. आयटीआयचा फिटर सुरुवातीचे कितीतरी दिवस नुसती कानस चालवतो, गुण्या लावून उजेडात फट बघतो. इंजिनिअरिंगवाला पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये एखादा जॉब करतो (किंवा करून घेतो) आणि पुढे शेगड्याकडे फिरकत नाही. लेझरवाल्याकडे द्यायला माझी हरकत नाही, पण एकच डबा, तोही आधीच वाकवलेला, तर तुमची कानसच बरी.

माझं ऐकाल तर प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्लग काढून झाकण उघडावं, भोकाच्या आतल्या कडेवरून बोट फिरवावं, आणि पाचेक गुण त्या कडेला ठेवावेत. बोट मात्र जपून!